तिकडे पाणी आलं असेल का?

आमच्या घरमालकांचा दिवस नळापासून सुरू व्हायचा. गंगापूर रोडला तेव्हा महापालिकेचं पाणी भल्या सकाळी यायचं. आधी नळातून नुसती हवा, मग दम लागलेल्या माणसासारखे दोन-चार उसासे, मग गढूळ पाणी आणि मग कुठे चांगली धार. मालक बनियन-लेंग्यात अंगणातल्या नळाशी उभे असायचे. चांगली धार लागली की ओंजळ पुढे करायची, वास घ्यायचा, घोटभर चाखायचं आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या थाटात मोठ्याने म्हणायचं, "आपल्याकडे आलं. तिकडे आलं असेल का?"

आम्ही त्यांच्या बंगल्यात खाली भाड्याने राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे ऐकलं. मला वाटलं, शेजारच्या बंगल्याची चौकशी चालली आहे. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "आलंय हो मालक! त्यांच्या बाईने केव्हाच बादली लावलीय!" मालक वळले. चष्मा वर सरकवला. "वहिनी, मी इराकबद्दल विचारत होतो," ते म्हणाले, आणि समजूतदारपणे हसले.

त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच होते. पन्नाशीला टेकलेली, पण केसांना मेंदी फासून चाळिशीत परतायच्या खटपटीत. लासलगावच्या कांदा मार्केटसमोर लहानाची मोठी झालेली, त्यामुळे आवाज लिलाव पुकारणाऱ्याच्या वरताण. मालकांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, हा शोध मी पहिल्या आठवड्यातच लावला आणि आमच्या भिशीत जाहीर करून मोकळी झाले. त्यांची नक्कल मी फार झकास करायचे. बायका फर्माईश करायच्या, "ए, ते तिकडे आलं असेल का करून दाखव ना!" मी बशीतला चहा ओंजळीत घेतल्यासारखा करून चाखायचे, चष्मा वर सरकवायचे आणि बायका पोट धरून हसायच्या. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला हळदीकुंकवालाही बोलावणार नाही.

मालक पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. तरुणपणी एका कंपनीने त्यांना इराकला पाठवलं होतं, तिग्रीस नदीकाठच्या एका गावी जलशुद्धीकरण केंद्र उभारायला. तिथे ते काही वर्षं राहिले. नदीचं पाणी उचलायचं, तुरटी घालून गाळ बसवायचा, गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि उंच टाकीत चढवायचं, एवढं साधं काम असं ते म्हणायचे. "पण वहिनी, पहिल्या दिवशी गावात नळ सोडला ना, तर एक म्हातारी नळाला चापट्या मारून बघत होती. हा थांबत कसा नाही म्हणून!" हे सांगताना ते स्वतःच हवेत चापट्या मारायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे. मला तेव्हा त्या डोळ्यांची भारी गंमत वाटायची. नळासाठी रडणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे पहिलं आखाती युद्ध झालं. अमेरिकेच्या विमानांनी तिथली वीजकेंद्रं पाडली, वीज गेली आणि पंप बंद पडले. मालकांचं केंद्रही त्यातच संपलं. त्याच्यावरच बॉम्ब पडला, की विजेवाचून ते नुसतं गंजून मेलं, हे त्यांना कधीच नक्की कळलं नाही. तिथला पंप चालवणारा ऑपरेटर त्यांचा जिवलग दोस्त होता. युद्धापासून त्याची खबर येणं थांबलं ते थांबलंच. माणूस गेल्याचं कळलं की निदान सुतक धरता येतं. मालकांच्या हातात नुसतं 'माहीत नाही' एवढंच उरलं होतं आणि तेच रोज सकाळी नळाशी बाहेर पडायचं. हे आत्ता मला समजतंय. तेव्हा मला एवढंच समजत होतं की या माणसाच्या चहात दूध नसतं.

तो चहा म्हणजे शिक्षाच. त्या दोस्ताने त्यांना शिकवलेला. छोट्या काचेच्या पेल्यात काळाभोर चहा, साखर त्यात घालायची नाही. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यावरून चहा ओढायचा. तिकडे साखरेच्या वड्या मिळायच्या, इथे मालकांनी खडीसाखरेवर भागवलं होतं. भाडं द्यायला वर गेलं की हा चहा घ्यावाच लागे. आमचे हे पहिल्यांदा वर गेले आणि परत येऊन म्हणाले, "अगं, त्यांच्याकडचं दूध संपलंय वाटतं. आणि देवाला ठेवलेली खडीसाखर त्यांनी मला चहाबरोबर दिली."

पण ह्यांना मालकांशी वाद घालायला आवडायचं. हे बँकेत होते आणि जगातला कुठलाही बलवान माणूस बरोबरच असणार, यावर ह्यांचा विश्वास होता. एकदा हे म्हणाले, "मालक, काही म्हणा, पण अमेरिकेचा नेम बघा. बॉम्ब नेमका खिडकीतून आत जातो म्हणे."

"जातो ना," मालक म्हणाले. "पण खिडकी कुणाच्या घराची, हे कोण ठरवतं?"

"तो हुकूमशहा काय कमी होता?"

"तो काही माझा मामा लागत नव्हता. त्याचा फोटो मी ऑफिसात उलटा टांगला होता, म्हणून माझी तिथून बदली झाली. हुकूमशहाला घालवा की! पण नळ का घालवला? पाइप फोडून लोकशाही पोचवायची कशी, हे मला इंजिनिअर असून समजत नाही."

अशा वेळी हे खडीसाखर चोखायचे.

मालकांचा राग अमेरिकेतल्या माणसांवर नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. पाणी शुद्ध कसं करायचं ते ते तिथलीच पुस्तकं वाचून शिकले होते. तिग्रीसवरचे पंपसुद्धा तिकडूनच आले होते. "म्हणूनच तर जास्त लागतं," ते म्हणायचे. "आपणच पंप विकायचा, आपणच त्याची वीज पाडायची, मग क्लोरीन अडवून धरायचं, का तर म्हणे त्यातून अस्त्रं होतात. पोरं हगवणीने जातात. बॉम्बने मेलेल्याची बातमी होते वहिनी, हगवणीने मेलेल्याची होत नाही. आणि सगळं उजाड झालं की पुन्हा तेच पंप विकायला हजर! जगभर दुसऱ्यांच्या अंगणात तळ ठोकून बसायचं, आणि अंगणाचा मालक काठी घेऊन उठला की म्हणायचं, बघा, हा आम्हाला धमकावतो."

मी मान हलवायचे आणि मनात, कुकरची शिट्टी झाली का ते मोजत असायचे.

दुसरं युद्ध सुरू झालं ती सकाळ मात्र मी विसरणं शक्य नाही. मी न्हायला बसले होते. डोक्यावर शिकेकाई, डोळे घट्ट मिटलेले, तांब्या नळाखाली धरला तर नळ कोरडा. चाचपडत दुसरा सोडला, तोही कोरडा. बादलीत तळाला चूळ भरण्यापुरतं पाणी. मी बाथरूमच्या झरोक्यातून लासलगावचा आवाज लावला, "मालक! टाकीचं पाणी संपलं!"

वरून अगदी शांत उत्तर आलं, "संपलं नाही वहिनी. मी कॉक बंद केलाय."

"का?"

"तिकडे युद्ध सुरू झालं."

"अहो, तिकडे युद्ध सुरू झालं तर माझ्या डोळ्यांत शिकेकाई कशाला?"

वर खिडकीची कडी निघाली. मग ते म्हणाले, "तिकडेही आत्ता कुणीतरी बाई अशीच ओरडत असेल. कुणाच्या नावाने ओरडायचं, हेसुद्धा तिला माहीत नाही. तुम्हाला निदान मी आहे."

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांनी ते ऐकून रेडिओ बंद केला होता, एवढं पुरे. थोड्या वेळाने दाराबाहेर बादली ठेवल्याचा आवाज आला. मालकांनी स्वतः जिना उतरून गरम पाणी आणून ठेवलं होतं. मी लाल डोळ्यांनी बाहेर आले तर ते अंगणात हात जोडून उभे. "डोळ्यांना त्रास झाला, माफ करा," ते म्हणाले. "अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष काही माफी मागणार नाहीत, म्हणून दोघांच्या वतीने मीच मागतो."

त्या महिन्यात भिशी माझ्याकडे होती. शिकेकाईचा हा प्रसंग मी टॉवेल डोक्याला गुंडाळून साभिनय सादर केला. इतका रंगला की तो पुन्हा करावा लागला.

मालकांच्या बायकोला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. तिच्या माघारीही त्यांनी गौरी बसवणं सोडलं नव्हतं. देव मानता का विचारलं तर म्हणायचे, "देवाचं माहीत नाही. पाहुण्या मानतो. वर्षातून एकदा येतात, त्यांना नाही कसं म्हणायचं?" पितळी मुखवटे ते स्वतः चिंचेने घासायचे, बायकोच्या पैठण्या नेसवायचे. निऱ्या अशा घालायचे की आम्हा बायकांना लाज वाटावी. फक्त गौरी आत आणायला सवाष्ण हवी म्हणून मला बोलवायचे.

आमच्या भागात गौरी आत येते तेव्हा तिला सगळं घर दाखवतात. मुखवटा हातात घ्यायचा, मागून ताटली-चमचा वाजवायचा, आणि खोलीखोलीत थांबून एकीने विचारायचं, "इथे काय आहे?" दुसरीने सांगायचं, "इथे धान्य आहे," "इथे दूधदुभतं आहे," "इथे दागदागिने आहेत." नसलं तरी सांगायचं. पाहुणीसमोर रडगाणं गायचं नसतं. मालकांनी या वाटेत एक थांबा वाढवला होता. स्वयंपाकघरातून पुढे जाताना ते मला नळापाशी थांबवायचे. विचारायचे, "इथे काय आहे?" आणि मी "पाणी आहे" म्हटलं की नळ सोडून दाखवायचे. बाकी सगळीकडे खोटं चालेल, इथे पुरावा हवा, असा त्यांचा हिशेब.

ज्या वर्षी युद्ध झालं त्याच वर्षी माझ्या लेकीसाठी अमेरिकेतलं स्थळ आलं. मुलगा तिकडे कॉम्प्युटरमध्ये, आई-वडील इथेच इंदिरानगरला. लेकीची आणि त्याची ई-मेल सुरू झालेली, दोघं खूश. आणि मी? मी तर जमिनीवर नव्हतेच. भाजीवालीशी कोथिंबिरीचा भाव करतानासुद्धा मी "आमच्याकडे अमेरिकेत" म्हणायला लागले होते. अजून सुपारीही फुटली नव्हती.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी मुलाची आई हळदीकुंकवाला आली. आमच्या घरात गौरी नव्हत्या, म्हणून मी तिला मोठ्या ऐटीत वर मालकांकडे घेऊन गेले. आरास मालकांनी आदल्या रात्री, गौरी आत आणून मी खाली आल्यावर मांडली होती; मी ती पाहिली नव्हती. पुरणाच्या गडबडीत होते. ती पाहिली आणि पाहुणीला तशीच वळवून खाली न्यावं असं मला वाटलं.

दरवर्षी असतो तसा लाडू-करंज्यांचा डोंगर नव्हता. पुठ्ठ्याचं एक गाव होतं. मागे नदी, नदीकाठी गोल हौदांचं पाणीकेंद्र. अर्धं नीटनेटकं, अर्धं फुटलेलं आणि कोळशाने काळं केलेलं. प्रत्येक घराला सुतळीएवढा नळ. त्या गावात मधोमध दोघी गौरी पैठणी नेसून उभ्या, आणि त्यांच्यापुढे भातुकलीतल्या रिकाम्या कळश्यांची रांग. नैवेद्याचं ताट शेजारी एका पाटावर.

मुलाच्या आईने कौतुकाने मान डोलावली. "अगबाई, टँकरमुक्तीचा देखावा! किती सुरेख केलाय. पालकमंत्र्यांना दाखवा हो, बक्षीस मिळेल."

मी सुटकेचा श्वास सोडला. हो म्हणा, असं मालकांना डोळ्यांनी खुणावलं. पण त्या माणसाला खुणा कळत नसत.

"टँकर कुठला ताई," ते म्हणाले. "हे इराकमधलं गाव आहे. मी बांधलेलं केंद्र. अमेरिकेने असं केलं. म्हटलं, यंदा गौरींनी जरा तिकडेही राहून बघावं. त्यांना काय, कुठलंही घर माहेरच."

"अय्या," मुलाची आई म्हणाली. मग जरा अभिमानाने, "आमचा मुलगा अमेरिकेतच असतो."

"हो का? छान. तिथलाच होणार?"

"होईलच हो आता. ग्रीन कार्ड मिळालंय."

"मग नातवंडं तिथली जन्माची नागरिक," मालक म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. पाइपचा व्यास सांगावा तसं सांगत होते. "तिथे मुलगा अठरा वर्षांचा झाला की सैन्यासाठी नाव नोंदवावं लागतं, माहीत आहे ना? बोलावतात असं नाही. पण नाव असतं. आणि त्या देशाला दर थोड्या वर्षांनी कुठे ना कुठे युद्ध लागतंच."

मुलाची आई हसली. "छे हो! आमच्यात कुणी सैन्यात जात नाही."

"बरोबर आहे. आपल्यात कुणी जात नाही. देवळालीच्या तोफांचा सराव ऐकू आला की आपण अभिमानाने खिडकी उघडतो आणि मुलाला कॉम्प्युटरला घालतो. पण ताई, तिथे गेल्यावर 'आमच्यात' म्हणजे कुणात?"

मी मालकांचा पाय दाबायला माझा पाय पुढे केला तो नेमका धाकट्या गौरीच्या पदरात अडकला. गौरी डुगडुगली. मालकांनी झेप घेऊन तिला धरलं, मुलाची आई "अगबाई अगबाई" करत मागे सरकली आणि भातुकलीच्या कळश्या खोलीभर घरंगळल्या. त्या गोळा करण्यात प्रश्न बुडाला. जिना उतरताना मी हळूच सांगितलं, "बायको गेल्यापासून जरा असं होतं त्यांचं." तिने समजून मान हलवली. बायको होती तेव्हाही ते असेच होते, हे मला त्यांच्या जुन्या भाडेकरणीने सांगितलेलं होतं.

लग्न ठरलं. व्हायचंच होतं, दोघांचं एकमेकांवर मन होतं आणि जावई आहेही सोन्यासारखा. त्यात मला आजही काही खोट काढायची नाही. लग्नाला मालक कडक इस्त्रीचा झब्बा घालून आले आणि लेकीला तांब्याची मोठी कळशी दिली. "तिकडे घेऊन जा बेटा. नळाचं पाणी रात्री भरून ठेवत जा." विमानात वजनाचं बंधन. मसाले, पापड, कुकर, तिची पुस्तकं, सगळं गेलं आणि कळशी माझ्याकडे राहिली. मी तिच्यात मनी प्लांट लावला.

मग आम्ही जवळच स्वतःचा फ्लॅट घेतला. मालकांकडे जाणं आधी आठवड्याला, मग सणाला, मग आठवण आली तर. बंगला त्यांच्या पुतण्याने बिल्डरला दिला. आता तिथे बारा मजली इमारत आहे, दाराशी कारंजं, दिवसभर उडत असतं. मालक अखेरीस पुतण्याकडे अंथरुणाला खिळून होते. मी भेटायला गेले, द्राक्षं घेऊन. त्यांनी मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. एकदम म्हणाले, "आलं का?"

आजारी माणसाला म्हणतात तसं मी म्हटलं, "आलं, आलं. तिकडेही आलं."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "कुणी सांगितलं?"

 मी द्राक्षं सोलत बसले. द्राक्षं कुणी सोलतं का? पण मी सोलली, सगळा घोस.

लेकीला मुलगा झाला. हा माझा एकुलता एक नातू. लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा मी त्याला गंगापूर धरणावर बोटीत बसवून आणायचे. बोट डुलली की लेक किंचाळायची आणि तो मात्र पुढे वाकून पाण्यात हात घालायचा. "आजी, अजून लांब!" मी नावाड्याला सांगायचे, "ने रे, अजून लांब ने." त्याचं समुद्राचं वेड कुठून आलं, असं लेक हल्ली विचारते तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवते.

अठराचा झाला आणि एक दिवस लेकीचा फोन आला.  म्हणाली, "आई, त्याने सही केली."

"कशावर गं?"

"नेव्हीच्या कागदांवर. आम्हाला विचारलंच नाही. म्हणतो, माझा देश आहे, माझं काम आहे."

मला त्या क्षणी काय आठवावं? मुलाची आई, म्हणजे माझी विहीण, पुठ्ठ्याच्या गावासमोर हसत उभी आहे आणि म्हणते आहे, आमच्यात कुणी सैन्यात जात नाही. विहीण आता नाही. मालक नाहीत. त्या खोलीतली मी एकटीच उरले आहे, आणि मी तेव्हा गौरी पाडायच्या गडबडीत होते.

मालकांचं ऐकून लग्न मोडायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर नातूच नसता, आणि त्याच्याशिवायचं जग मला नको. हळहळ वेगळीच आहे. तो प्रश्न माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर रोज विचारला जात होता. उत्तर शोधायला एक माणूस सोबत होता. आणि मी त्याची नक्कल करत बसले. आता प्रश्न माझ्याकडे आलाय आणि बरोबर विचारायला कुणीच नाही.

यंदा तिकडे आखातात पुन्हा विमानं उडायला लागली. नातवाची बोट कुठे आहे ते सांगायला त्याला बंदी आहे, पण आजीला सांगायची गरज नसते. हे दिवसभर बातम्या लावून बसतात. बॉम्ब खिडकीतून जातो असं कुणी म्हणालं की चॅनेल बदलतात. गेल्या आठवड्यात नातवाचा फोन आला. आवाज तुटत होता.

"आजी, मी फाइन आहे. डोन्ट वरी."

"जेवतोस का?"

"खूप. पण तुझी पुरणपोळी नाही."

मग मी विचारलं. कसं कुणास ठाऊक, तोंडातून आपोआप गेलं. "बाळा, तिकडे पाणी येतं का रे?"

तो हसला. "आजी, आम्ही समुद्राचं पाणी गोड करतो. बोटीवर मशीन आहे. हॉट शॉवरपण आहे!"

"बोटीवर नाही रे. समोर. किनाऱ्यावर, ती जी गावं आहेत, तिथे."

 लाइन गेली की काय असं मला वाटलं. मग अगदी हळू, लहानपणी खोड्या पकडल्यावर बोलायचा तसा बोलला. "ते मला माहीत नाही, आजी."

माझ्या नातवाच्या तोंडी मालकांचं 'माहीत नाही' आलं. त्याला रागवावं की जवळ घ्यावं, कळेना. फोनवर दोन्ही करता येत नाही.

मालक गेल्यावर त्यांच्या गौरी पुतण्याने मला दिल्या. त्याच्या बायकोला सोवळंओवळं जमत नव्हतं. त्या वर्षापासून त्या माझ्याकडे बसतात. मनी प्लांट मी कुंडीत हलवला आणि कळशी चिंचेने घासून स्वयंपाकघरात ठेवली. काल गौरी आल्या. लेक तिकडून व्हिडिओवर येणार होती, पण तिची रात्र होती आणि रात्र रात्र ती झोपत नाही, कधी डोळा लागला असेल तर उठवू नये म्हणून आम्ही फोन केला नाही. घरात आम्ही दोघंच. मी मुखवटा घेतला, ह्यांच्या हातात ताटली-चमचा दिला.

"इथे काय आहे?" मी पहिल्या खोलीत विचारलं.

"कपाट," हे म्हणाले.

"अहो, दागिने म्हणा!"

"दागिने बँकेत आहेत. मीच ठेवलेत."

"गौरीला कशाला सांगताय? पुढे चला."

दुसऱ्या खोलीत ह्यांनी आज्ञाधारकपणे "धान्य आहे" म्हटलं. तिथे ह्यांचा पलंग आणि औषधांचे डबे आहेत. मग आम्ही स्वयंपाकघरात आलो. मी नळापाशी थांबले. विचारायच्या आधीच ह्यांनी ताटली खाली ठेवली, कळशी नळाखाली सरकवली आणि नळ सोडला.

"पाणी आहे," हे म्हणाले.

कळशीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आधी पोकळ, मग भरत भरत जड होत गेला. मी मुखवटा छातीशी धरून उभी होते.

"तिकडे आलं असेल का हो?" मी म्हटलं.

ह्यांनी वळून पाहिलं. "कुणाकडे? बाळाकडे, की..."

"दोन्हीकडे."

कळशी काठोकाठ भरली. ह्यांनी नळ बंद केला. पुढची खोली दाखवायची राहिली होती, पण आम्ही दोघं गौरी घेऊन तिथेच उभे राहिलो.